जुनी बाग मोडण्याआधी

सोलापूर जिल्ह्यात ‘बाग मोडली’ हे शब्द कानावर पडले की पुढचं विचारावं लागत नाही. डाळिंबावर तेल्या आला असेल, मर लागली असेल, नाहीतर खोडाला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडून झाडं वाळली असतील. शेतकरी बाग मोडतो तेव्हा त्यामागे कर्जाचा, मजुरीचा आणि दराचा हिशेब असतो, आणि त्या दिवशी घरात कोणाला जेवण जात नाही. शहरात मात्र बाग फार सहज मोडली जाते. विजापूर रोड, होटगी रोड, जुळे सोलापूर अशा भागांतल्या जुन्या घरांभोवती आंबा, लिंबू, चिकू, सीताफळ, कढीपत्ता, मोगरा अशी वीस-पंचवीस वर्षांची झाडं अजून आहेत. घर रंगवायला काढलं, किंवा विकलं जाऊन नवे मालक आले, की ‘सगळं काढून नव्याने लावू’ हा विचार हमखास येतो. जेसीबीला ते काम दोन तासांचं असतं.

त्या दोन तासांआधी थोडं थांबा, एवढंच सांगण्यासाठी हे लिहितो आहे. कारण आपल्या गावात बागेची खरी संपत्ती जमिनीच्या वर दिसत नाही. जिल्ह्याची पावसाची सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा आणि बराचसा सप्टेंबरात. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर. खाली काळी माती, तिच्याखाली मुरूम. असे वीस उन्हाळे काढलेल्या झाडाने मुरमाच्या फटींतून खाली वाट शोधलेली असते. नर्सरीतल्या पिशवीतल्या रोपाला हे काम पहिल्यापासून करावं लागतं, आणि पुष्कळ रोपं पहिल्या दोन मे महिन्यांतच हार मानतात. मरगळलेलं जुनं झाड आणि टवटवीत नवं रोप यांत निवड करायची झाली, तर सोलापुरात मी दहापैकी आठ वेळा जुन्या झाडाच्या बाजूने उभा राहीन.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. वडिलांनंतर घरची बाग माझ्याकडे आली, तेव्हा काळ्या मातीचा चिखल नको म्हणून मी दोन ट्रॉली लाल माती आणून सगळीकडे पसरली. बाग छान सपाट, रेखीव दिसू लागली. लिंबाचा बुंधा मात्र वीतभर मातीत गेला. लिंबाच्या खोडाला, विशेषतः कलमाच्या सांध्याला, सतत ओल लागलेली चालत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. पावसाळ्यानंतर खोडातून डिंक वाहू लागला, साल कुजली आणि दोन वर्षांत आईच्या लोणच्याचं ते झाड वाळून गेलं. आंब्याभोवतीची माती मी हाताने उकरून मूळ बुंधा मोकळा केला म्हणून आंबा वाचला. तेव्हापासून कुठल्याही जुन्या बागेत गेलो की मी आधी वाकून बुंधे पाहतो. बुंधा जमिनीशी जिथे थोडा रुंदावतो ती जागा उघडी हवी. झाड विजेच्या खांबासारखं सरळ जमिनीत घुसलेलं दिसलं, तर वर माती चढली आहे असं समजा आणि ती खुरप्याने हळूहळू काढा.

नव्याने हाती आलेल्या बागेत पहिला पावसाळा आणि त्यानंतरचा उन्हाळा शक्यतो काहीही उपटू नका. सकाळचं ऊन कुठे येतं, दुपारी तीनचं कुठे भाजतं, पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशीही पाणी कुठे साचलेलं असतं, कोणत्या झाडाला कधी फूल येतं, हे एका वहीत तारखेनिशी लिहा. ही वही नसेल तर माणूस हमखास चुकतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये सीताफळाला पान राहत नाही आणि ऐन उन्हाळ्यात बोर निष्पर्ण होते. दोन्ही झाडं त्या वेळी मेल्यासारखी दिसतात आणि त्याच वेळी ‘वाळली’ म्हणून तोडली जातात. शंका आली तर नखाने फांदीची साल किंचित खरवडा. आत हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं दिसलं तर खाली सरकत पुन्हा खरवडा. हिरवं जिथे लागेल तिथपर्यंतच फांदी मेलेली आहे.

काही कामं मात्र वर्षभर थांबत नाहीत. घरावर किंवा तारांवर लोंबणारी मेलेली फांदी, खोडात रुतलेली कपडे वाळत घालायची तार, भिंतीच्या भेगेत उगवलेला पिंपळ, ही पहिल्याच महिन्यात मार्गी लावा.

आता मातीकडे वळू. सोलापूरची बरीच बागायत पाण्यापेक्षाही मातीत अडते. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते आणि बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगांत बारीक मुळं तुटतात आणि आतली ओल उडून जाते. शिवाय आपल्या मातीत चुनखडी भरपूर. माती अल्कधर्मी असली की लोह मातीत असूनही झाडाला मिळत नाही. याची खूण सोपी आहे: नवी, कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जुनी, खालची पानं सगळीच्या सगळी पिवळी पडत असतील तर ते दुखणं वेगळं, तिथे बहुधा नत्र कमी पडतं किंवा पाणी साचतं. लिंबू, गुलाब, जास्वंद यांच्यावर लोहाची उणीव लवकर दिसते. ‘झाड म्हातारं झालं’ म्हणून जी झाडं काढली जातात त्यांतली कितीतरी प्रत्यक्षात उपाशी असतात.

तात्पुरता उपाय म्हणून लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस म्हणजे फेरस सल्फेट आणि चिमूटभर लिंबाचं सत्त्व विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, दहा-बारा दिवसांनी पुन्हा. जमिनीत नुसतं हिराकस टाकून चुनखडीच्या मातीत फारसं हाती लागत नाही. दुकानात चिलेटेड लोह मागाल तर पुडीवर ईडीडीएचए ही अक्षरं पाहून घ्या. ईडीटीए प्रकारचं लोह स्वस्त असतं, पण अल्कधर्मी मातीत ते टिकत नाही, ते फवारणीपुरतं ठीक. खरा, लांबचा उपाय म्हणजे सेंद्रिय खत. चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड, दरवर्षी मृगाच्या सुमारास, खोडाजवळ न घालता झाडाच्या घेराच्या कडेखाली. अन्न घेणारी बारीक मुळं तिथे असतात. जाड, जुन्या मुळांना खत घालून काय मिळणार?

एकदा माती तपासून घ्या, ही माझी आग्रहाची विनंती. मोहोळचं कृषी विज्ञान केंद्र किंवा कोणतीही माती परीक्षण प्रयोगशाळा यासाठी चालेल. नमुना देताना वरचा कचरा बाजूला करून चार-पाच ठिकाणची, फूटभर खोलीपर्यंतची माती एकत्र करा. सामू, क्षारता आणि मुक्त चुनखडीचं प्रमाण हे तीन आकडे समजले तरी पुष्कळ खर्च वाचतो. त्याच वेळी बोअरचं पाणीही तपासा. कुंड्यांच्या कडेला आणि वाफ्यावर पांढरा थर दिसत असेल तर पाण्यात क्षार आहेत हे प्रयोगशाळेआधीच कळलं म्हणायचं.

खोदकामाचा एक नियम मोडू नका: काळ्या मातीत वाफशावरच हात घाला. ओल्या मातीत कुदळ घातली तर विटेसारखी ढेकळं पडतात आणि पुढे वर्षभर फुटत नाहीत. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडा. गोळा पडून विखुरला तर वाफसा आहे. चिकटून चपटा झाला तर आणखी दोन दिवस थांबा. आणि जुन्या झाडाच्या घेराखाली चार बोटांपेक्षा खोल खणूच नका.

ओल धरून ठेवण्याची विद्या सोलापूरला नवी नाही. कोरडवाहू शेतीचं संशोधन इथे १९३३ सालापासून चालू आहे आणि रब्बी ज्वारीचा शेतकरी ‘एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी’ असं म्हणतो. वरचा थर भुसभुशीत ठेवला, भेगा बुजवल्या की खालची ओल टिकते. अंगणातही तेच करायचं: होळीच्या आसपास भेगा दिसू लागल्या की त्यांत बारीक माती आणि शेणखत सरकवून वर आच्छादन घालायचं. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, त्यामुळे उसाचं पाचट मिळायला अडचण नाही. कडुनिंबाचा पाला, भुईमुगाची टरफलंही उत्तम. कडबा मात्र वापरू नका, तो जनावरांच्या तोंडचा घास आहे. आच्छादनाचा थर चार बोटं जाड असावा आणि बुंध्यापासून वीतभर दूर, नाहीतर वाळवी आणि कूज दोन्ही खोडाशी पोचतात.

आच्छादन घालायला माती उघडी असावी लागते, आणि जुन्या घरांत नेमकी तीच नसते. शहाबादी फरशी नाहीतर सिमेंटचे ठोकळे थेट खोडाला भिडवलेले असतात. मला विचाराल तर बागेच्या दुरुस्तीतला सर्वांत उपयोगी खर्च म्हणजे झाडाभोवतीच्या फरश्या उचलणं. लहान झाडाला तीन फूट, आंब्याला निदान पाच-सहा फूट घेर मोकळा करा. फरशी सिमेंटमध्ये बसवलेली असेल तर पहार जपून चालवा, मुळं लगेच खालीच असतात. उचललेल्या फरश्या टाकू नका, त्याच पायवाटेला येतात.

मोकळ्या घेरात दुहेरी आळं करा. आतलं वर्तुळ खोडाशी, मातीने थोडं उंच, म्हणजे पाणी बुंध्याला लागणार नाही. पाणी फक्त बाहेरच्या चरात. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे ‘पाणी आलं की सगळ्या बागेला थोडं थोडं’ ही सवय लागलेली असते. रोजच्या शिंतोड्याने मुळं वरच्या दोन इंचांतच फिरत राहतात आणि एक आठवडा पाणी चुकलं की झाड कोमेजतं. मुरलेल्या फळझाडाला ऐन उन्हाळ्यातही आठ-दहा दिवसांनी एकदाच, पण चर दोनदा भरून पाणी द्या. काळी माती पाणी सावकाश पिते. पहिलं पाणी भेगांतून नुसतंच खाली निघून जातं, अर्ध्या तासाने दिलेलं दुसरं खरं मुरतं. लहान झाडांजवळ पक्क्या न भाजलेल्या मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून ते भरून ठेवलं तर ओल सारखी राहते. ठिबक असेल तर तोट्या चुन्याने बुजतात, दोन महिन्यांनी काढून व्हिनेगरमध्ये भिजत घाला. पाणी शुद्ध करण्याच्या घरगुती यंत्रातून बाहेर पडणारं पाणी मात्र तसंच झाडांना देऊ नका, त्यात आधीच्या पाण्यातले क्षार साठलेले असतात.

आणि गच्चीवरचं पाणी. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर सरासरी पावसात जवळजवळ पन्नास हजार लिटर पाणी पडतं आणि बहुतेक घरांत ते पाइपाने थेट गटारात जातं. तो पाइप बागेकडे वळवा. बोअरच्या पाण्याने साचलेले क्षार धुऊन खाली नेण्याचं काम हे गोडं पाणीच करतं, दुसरं कोणतंही औषध ते करत नाही. पाणी सोडायचं ते मुरूम लागेपर्यंत खणलेल्या, दगडगोटे भरलेल्या खड्ड्यात. नुसत्या काळ्या मातीत खड्डा केला तर पाणी आठवडाभर तुंबून मुळं गुदमरतील.

माती आणि पाणी सुधारल्याशिवाय छाटणीला हात लावू नका. उपाशी झाड छाटलं तर ते नव्या फुटीसाठी उरलीसुरली शिल्लकही खर्च करून बसतं. एका वर्षी झाडाच्या घेरातला तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त भाग काढू नये. आपल्या उन्हात अचानक उघडी पडलेली साल भाजते आणि फाटते, म्हणून जाड फांद्या काढल्यावर उघड्या खोडाला चुना लावा. वाढून अंगावर आलेला आंबा तीन वर्षांत विभागून, फळं उतरवल्यावर छाटा: पहिल्या वर्षी मधल्या एक-दोन उभ्या फांद्या काढून आत ऊन जाऊ द्या, बाकी पुढे. चिकूला मेलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्यांपलीकडे कात्री नको. बोर मात्र एप्रिल-मेमध्ये कडक छाटली तरच चांगलं फळ देते. तिच्या नव्या फुटीवरच बोरं लागतात.

मोगऱ्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण पाला भरगच्च पण कळी नाही अशा मोगऱ्याची तक्रार मी सर्वांत जास्त ऐकली आहे. मोगऱ्याला विश्रांती हवी असते आणि आपण प्रेमाने त्याला बारा महिने पाणी घालत राहतो. डिसेंबरच्या मध्यापासून त्याचं पाणी तोडा. गड्ड्याची जत्रा भरली की कात्री हातात घ्या, उरलेली पानं ओरबाडून काढा आणि झुडूप गुडघ्याएवढं ठेवा. पोटातल्या मेलेल्या काड्या बुडापासून काढा. फेब्रुवारी लागला की आळं हलकं उकरून खत घाला, पाणी सुरू करा. मार्चमध्ये नव्या फुटीच्या टोकांना कळ्या दिसतील. जे झुडूप फेकून द्यायला निघाला होतात त्याच्या गजऱ्याचा वास उन्हाळाभर घरात राहील.

गुलाबाची छाटणी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात. मात्र जुन्या गुलाबाचं मूळ कलम मरून खालचा खुंटच वाढत राहिलेला असू शकतो. फुलांचा रंग-आकार बदलून ती लहान, रानटी झाली असतील, पानंही वेगळी दिसत असतील आणि फुटवे कलमाच्या गाठीखालून आले असतील, तर त्या झाडावर मेहनत घेऊ नका. बागेत निःशंक मनाने काढावी अशी थोडीच झाडं असतात, त्यांतलं हे एक.

डाळिंबाला वेगळा परिच्छेद द्यायलाच हवा. सोलापूरला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तरीही आपल्याच शहरातल्या अंगणांत डाळिंबाची झाडं खराट्यासारखी वाढलेली दिसतात. बुडापासून येणारे सगळे फुटवे काढून तीन-चार खोडंच ठेवा. अंगणातलं डाळिंब वर्षभर थोडं थोडं फुलतं, त्यामुळे पावसाळ्यात झाडावर फळ असतंच आणि तेल्याला आयतं घर मिळतं. तेल्या जिवाणूंचा रोग आहे, तो पावसाच्या थेंबांनी आणि आपल्या कात्रीनेही पसरतो. म्हणून पावसाळ्यातली फुलं तोडून टाका आणि हस्त बहार धरा, म्हणजे फळ कोरड्या हवेत वाढेल. डागाच्या खाली दोन इंच फांदी कापा, प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटने पुसा, आणि रोगट पाला-फळं खताच्या खड्ड्यात न टाकता जाळा. कापलेल्या जागी बोर्डो मलम लावा: शंभर ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र करायचं. त्यात स्वच्छ लोखंडी खिळा बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना थोडा वाढवा. मलम त्याच दिवशी संपवा. आंब्या-सीताफळाच्या मोठ्या कापांनाही हेच चालतं.

आता काढायचं काय? घराच्या पायाला भिडलेलं मोठं झाड, जिकडेतिकडे रोपं उगवणारी सुबाभूळ, घाणेरी, पाण्यावाचून पिवळी पडणारी आणि पाणी दिलं तर बाकीच्या बागेच्या तोंडचं पाणी पिणारी हिरवळ. हिरवळीच्या जागी मातीची पायवाट आणि दोन कण्हेरी जास्त शोभतात, असं माझं मत आहे. झाड तोडायचं असेल तर ते आपल्या कुंपणाच्या आत असलं तरी महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. राज्याचा १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा खासगी अंगणालाही लागू आहे. अर्ज आधी करा, करवत नंतर आणा.

परवानगी मिळालेलं झाड शक्यतो मुळासकट उपटू नका. उपटताना शेजारच्या आंब्याची, लिंबाची मुळंही ओढून निघतात. घरापासून लांब असेल तर खोड जमिनीलगत कापा, नवे फुटवे आले की खुडत राहा आणि मुळं जागच्या जागी कुजू द्या. त्यांच्या पोकळ वाटांनी पुढची काही वर्षं पावसाचं पाणी खोल जाईल. भिंतीजवळ मात्र वाळवीच्या भीतीने बुंधा खणून काढावा लागतो. नवं रोप त्या जागी न लावता चार फूट बाजूला, मृगाचा पाऊस जमिनीत वीतभर मुरल्यावर लावा. खड्ड्यात बाहेरची लाल माती भरू नका. खणलेलीच काळी माती शेणखत मिसळून परत घाला, आणि रोपाची मान पिशवीत होती त्याच पातळीला राहील असं बघा.